स्किमरचा फेस नेमका किती वर चढू द्यायचा?

खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकमधली घाण बुडबुड्यांच्या फेसासोबत वरच्या कपात काढून टाकणारं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. नवीन स्किमर सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, ठेवून सुरू केला की पहिल्या काही दिवसांत दोनपैकी एक गोष्ट होतेच. एक तर वरचा कप कोरडा ठणठणीत राहतो, नाहीतर तासाभरात जवळजवळ स्वच्छ पाण्याने भरून उतू जातो. मग आपण स्किमरमधून पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह थोडा फिरवतो, पाच मिनिटं बघतो, काही होत नाही म्हणून आणखी थोडा फिरवतो. रात्र होईपर्यंत व्हॉल्व्ह सुरुवातीला कुठे होता हेही आठवत नाही.

व्हॉल्व्ह कितीवर ठेवावा, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. त्याला एक उत्तर नाही, कारण प्रत्येकाच्या सम्पमधलं पाणी, माशांची संख्या आणि रोजचं खाणं वेगळं असतं. पण फेस वर चढताना त्यात काय घडतं हे एकदा कळलं, की आपल्या टँकसाठीचं उत्तर आपल्यालाच काढता येतं. म्हणून आधी फेसाकडे बघू, व्हॉल्व्हकडे नंतर.

बुडबुड्याला काय चिकटतं

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलने, म्हणजे प्रवाळाने, सोडलेला बुळबुळीत स्राव आणि शेवाळातून पाझरणारी द्रव्यं यांतल्या बऱ्याच रेणूंची दोन टोकं दोन स्वभावांची असतात. एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून दूर पळू बघतं. प्रथिनं आणि मेदाम्लं ही त्यातली ठळक उदाहरणं. अशा रेणूला सोयीची जागा एकच, ती म्हणजे पाणी आणि हवा जिथे भेटतात ती सीमा. तिथे त्याचं एक टोक पाण्यात राहतं, दुसरं हवेत. एकदा तिथे पोचला की तो सहसा सुटत नाही. खवळलेल्या समुद्राच्या काठावर पिवळसर फेसाचे थर साचतात, तेही याच कारणाने.

टँकमध्ये ही सीमा फारच थोडी असते. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद टँकचा वरचा पृष्ठभाग एक चौरस मीटरही भरत नाही. स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडून ही सीमा प्रचंड वाढवतो. हिशोब करून बघा. एक लिटर हवा एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत फोडली तर त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. व्यास अर्धा केला की तेवढ्याच हवेतून १२ चौरस मीटर मिळतात. ताशी ६०० लिटर हवा ओढणारा स्किमर मिनिटाला १० लिटर हवा घेतो. बुडबुडे अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर दर मिनिटाला १२० चौरस मीटर सीमा पाण्यातून वर जाते. बुडबुडे बारीक असण्याला इतकं महत्त्व का, ते यावरून लक्षात येईल. म्हणूनच आजच्या बहुतेक स्किमरच्या पंपात नेहमीच्या पात्यांऐवजी शेकडो काड्या असलेलं चाक असतं. त्याला नीडल व्हील म्हणतात. पंप हवा आणि पाणी एकत्र ओढतो आणि हे चाक हवेचे तुकडे तुकडे करतं.

खाऱ्या पाण्याचा यात मोठा वाटा आहे. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे जवळ आले की चटकन एक होतात आणि मोठा बुडबुडा भर्रकन वर निघून जातो. मीठ विरघळलेल्या पाण्यात ते एकमेकांत मिसळायला तयार नसतात, बारीकच राहतात आणि पाण्यात जास्त वेळ रेंगाळतात. घरच्या गोड्या पाण्याच्या टँकवर स्किमर दिसत नाही तो यामुळे.

गळ्यात काय होतं

स्किमरच्या रुंद भागातून कपाकडे जाणारी जी अरुंद नळी असते तिला गळा म्हणू. सगळी गंमत या काही सेंटिमीटरांत आहे.

बुडबुडे पाण्याच्या रेषेपर्यंत आले की एकमेकांवर रचले जातात आणि फेस तयार होतो. दोन बुडबुड्यांच्या मध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो. खालून नवा फेस ढकलत असतो म्हणून हा ढीग वर सरकतो, आणि सरकता सरकता पडद्यांतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली निथळतं. बुडबुड्याच्या सालीला चिकटलेले रेणू मात्र जागचे हलत नाहीत. त्यांच्या जाळ्यात अडकलेले बारीक कण, शेवाळाचे तुकडे, जिवाणू हेही तिथेच राहतात. परिणामी फेस जितका वर जाईल तितकं त्यातलं पाणी कमी आणि घाण दाट होत जाते. शेवटी तो कपाच्या काठावरून पलीकडे कोसळतो.

आता व्हॉल्व्हचं काम सोपं होतं. आत पाण्याची रेषा जिथे संपते तिथपासून कपाच्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे फेसाला निथळायला मिळालेला वेळ. बाहेर जाणाऱ्या पाण्याची वाट थोडी बंद केली की रेषा वर चढते, अंतर कमी होतं आणि फेस ओला असतानाच कपात पडतो. वाट मोकळी केली की रेषा खाली जाते, अंतर वाढतं आणि फेस कोरडा होऊन पोचतो, किंवा पोचण्याआधीच विरून जातो. स्किमरवर व्हॉल्व्ह असो, फिरवायची नळी असो की पाचर, सगळ्यांनी बदलतं ते हेच अंतर.

ओला की कोरडा

ओल्या फेसाने कप लवकर भरतो आणि आतलं पाणी फिकट असतं. कोरड्या फेसाने आठवड्यात बोटभर काळपट, जाड, उग्र वासाचा गाळ जमतो. कोरडा गाळ बघून स्किमर जोरात चाललाय असं वाटतं, पण गाळ किती काळा आहे यावरून एकूण किती घाण निघाली ते कळत नाही. फार कोरडा चालवला तर बरीच घाण गळ्याच्या भिंतींवरच सुकते आणि काही फेस फुटून परत पाण्यात जातो. थोड्या ओल्या फेसासोबत एकूण घाण सहसा जास्त बाहेर पडते.

मात्र ओल्या फेसासोबत खारं पाणीही बाहेर जातं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा, म्हणजे एटीओ, ही तूट गोड्या पाण्याने भरून काढते. २०० लिटरच्या टँकमध्ये दर लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने साधारण ७ किलो मीठ असतं. कपात रोज एक लिटर पाणी जात असेल तर रोज ३५ ग्रॅम मीठ बाहेर पडलं. आठवडाभरात क्षारता, म्हणजे दर लिटरमागे मिठाचे ग्रॅम, ३५ वरून ३४ च्या खाली येते, आणि पाण्याची पातळी जागच्या जागी असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ओला फेस काढायचा असेल तर क्षारता नेमाने मोजा आणि कपातून गेलेल्या पाण्याइतकं खारं पाणी परत घाला.

माझा कल मधल्या वाटेकडे आहे. कपातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असावं आणि कप तिरका केल्यावर ते सहज वाहावं. माशांची गर्दी असेल, खाणं भरपूर असेल, तर त्याहून थोडा ओला. कोरल जास्त आणि मासे मोजकेच असतील तर थोडा कोरडा.

आधी सम्पची पातळी

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी स्किमर किती पाण्यात उभा आहे ते पाहा. बनवणाऱ्यांनी प्रत्येक मॉडेलसाठी पाण्याची खोली दिलेली असते. बऱ्याच सम्प स्किमरसाठी ती १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान असते. पाणी त्याहून खोल असेल तर स्किमरखाली घट्ट बसणारा पाट ठेवून तो उचलावा लागतो. खोली चुकीची असेल तर व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी रेषा हव्या त्या जागी थांबत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही पातळी रोज तीच राहायला हवी. सम्पमधलं पाणी एखाद्या सेंटिमीटरने जरी खालीवर झालं तरी आतली रेषा सोबत सरकते, आणि गळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे ओल्या आणि कोरड्यातला सगळा फरक. बाष्पीभवनाने जी पातळी उतरते ती टँककडे पाणी परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात उतरते. त्यामुळे स्किमर त्या कप्प्यात ठेवू नका. काचेच्या आडव्या पट्टीवरून पाणी ओसंडून पुढे जातं अशा कप्प्यात ठेवा, तिथली पातळी पट्टीच्या उंचीवर अडून राहते. ‘माझा स्किमर लहरी आहे’ अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा कप्पाच विचारतो.

वीज गेली किंवा खाणं घालताना परतीचा पंप बंद केला की टँकमधलं थोडं पाणी सम्पमध्ये उतरतं आणि सगळीच पातळी चढते. अशा वेळी स्किमर चालू राहिला तर कप उतू जाणारच. परतीचा पंप बंद करताना स्किमरही बंद करायचा आणि पंप सुरू झाल्यावर पातळी बसेपर्यंत दहाएक मिनिटं थांबून मग तो चालू करायचा, ही सवय चांगली.

आता व्हॉल्व्ह

नवा स्किमर आधी पाणी आणि थोड्या व्हिनेगरने धुऊन काढा. साबण अजिबात नको, त्याचा अंश राहिला तरी फेसाचं गणित बिघडतं. धुतल्यानंतरही नव्या प्लास्टिकच्या पृष्ठभागांवर जैविक थर चढायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर फेस कधी येत नाही, कधी वेड्यासारखा येतो, आणि टँकमध्ये बारीक बुडबुड्यांचं धुकंही दिसू शकतं. या काळात बाहेर जाणारी वाट पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे रेषा सगळ्यात खाली राहील, आणि स्किमरला त्याच्या नादाने चालू द्या.

हवेचा व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा ठेवा आणि विसरून जा. पंपात हवा आणि पाणी एकाच जागेसाठी भांडतात. हवा कमी केली की पाणी जास्त येतं आणि रेषा वर चढते. दोन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने फिरवत बसलं तर कशामुळे काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही. वेग बदलता येणारा डीसी पंप असेल तर तोही आधी एका वेगावर कायम करा.

मग पाण्याची रेषा ओळखायला शिका. खालच्या भागात दुधाळ पाण्यात सुटे बुडबुडे धावपळ करताना दिसतात. वर एका ठिकाणी ती धावपळ थांबते आणि बुडबुडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांना टेकलेले दिसतात. ती सीमा म्हणजे रेषा. बाहेर जाणारी वाट हळूहळू बंद करत ही रेषा गळा जिथे सुरू होतो तिथे आणून थांबवा. बहुतेक स्किमरमध्ये ही जागा कप धडाला जोडला जातो त्याच्या आसपास येते.

आणि आता पूर्ण एक दिवस हात लावू नका. ही वाट बघणं लोकांना सगळ्यात जड जातं, पण त्याला कारण आहे. टँकमधल्या सेंद्रिय द्रव्यांचं प्रमाण दिवसभरात बदलतं. खाणं घातल्यावर वेगळं, दिवे लागल्यावर वेगळं, रात्री वेगळं. एक दिवस थांबलो तर एक पूर्ण चक्र त्या एका जागेवर बघायला मिळतं. दुसऱ्या दिवशी कपात फार कमी असेल तर रेषा काही मिलिमीटर वर घ्या, फिकट पाणी असेल तर तेवढीच खाली. पुन्हा एक दिवस. मनासारखं झालं की व्हॉल्व्हवर पक्क्या शाईच्या पेनने खूण करा, पुढे साफसफाईनंतर ती फार कामाला येते.

टँकच्या मानाने स्किमर फारच मोठा असेल तर मात्र एवढं करूनही फेस टिकत नाही. रुंद गळा भरून फेस वर ढकलायला पुरेशी सेंद्रिय द्रव्यंच पाण्यात नसतात. मग दिवसचे दिवस काही नाही आणि एकदम थोडा फेस, असं चालतं. अशा वेळी दोष व्हॉल्व्हचा नसतो.

व्हॉल्व्ह तिथेच, फेस बदलला

नीट लावलेला स्किमरही अधूनमधून रुसतो. बहुतेक वेळा कारण पाण्यात असतं.

खाणं घातल्यावर किंवा टँकमध्ये हात घातल्यावर फेस एकदम बसतो. खाण्यातलं आणि कातडीवरचं तेल बुडबुड्यांच्या पडद्यांवर पसरतं आणि ते फोडून टाकतं. काही तासांत फेस पुन्हा उभा राहतो. पण नेमक्या याच वेळी ‘फेस गेला’ म्हणून व्हॉल्व्ह आवळला, तर रात्री फेस परत आल्यावर त्याला वाट आयती मिळते आणि सकाळी कप उतू गेलेला दिसतो. गोठवलेलं खाणं घालण्याआधी गाळणीत धुऊन घेतलं तर तेल आणि रस बराच कमी होतो.

याच्या उलट काही गोष्टी फेस भडकवतात. कोरल चिकटवायची दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, माशांच्या अंगावरचा चिकट थर जपणारं वॉटर कंडिशनर, लाल चिकट शेवाळावरची काही औषधं, कोरल बुडवून काढायच्या द्रावणाचा उरलेला अंश. यांतलं काही पाण्यात गेलं की स्किमर तासन्‌तास पाणी ओकत राहतो. तेव्हा बाहेर जाणारी वाट पूर्ण उघडा. तरी थांबत नसेल तर कप धुऊन त्याच्या निचऱ्याची नळी सम्पमध्येच सोडा. औषध चालू असताना पाण्याला हवा मिळत राहणं गरजेचं असतं, म्हणून स्किमर बंद करण्यापेक्षा हे बरं. पाणी बदलणं आणि ताजा कार्बन (पाण्यातली द्रव्यं शोषून घेणारा सक्रिय कोळसा) यांनी काही दिवसांत गाडी रुळावर येते. औषधाच्या वेळी कार्बन कधी घालायचा ते मात्र औषधाच्या सूचनेप्रमाणेच ठरवा, कारण तो औषधही शोषून घेतो.

तिसरा प्रकार हळूहळू घडणारा, म्हणून फसवा. काहीही न बदलता फेस आठवड्यागणिक ओला होत जातो, बुडबुडे मोठे दिसतात, पंपाचा आवाज बदलतो. हे हवा कमी पडत असल्याचं लक्षण. हवा आत शिरते त्या तोंडाशी मिठाची पापडी जमते आणि वाट अरुंद होते. हवेची नळी काढून तिचं टोक कोमट गोड्या पाण्यात बुडवून पंपालाच ते थोडं ओढू द्या, पापडी विरघळते. तेवढ्याने भागलं नाही तर पंप उघडून काड्यांच्या चाकावर बसलेला चुन्याचा थर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून काढा. दर तीन-चार महिन्यांनी हे केलंच पाहिजे, असं मी मानतो.

आणि गळा पुसणं. कप भरायची वाट बघू नका. गळ्याच्या आतल्या भिंतीवर तेलकट थर साचला की तोच वर येणारा फेस फोडायला लागतो. कप अर्धा रिकामा असला तरी दोन-तीन दिवसांनी गळा साध्या पाण्याने पुसून घ्या. पुसल्यावर काही तास फेस कमी दिसतो, तो आपोआप सावरतो. एवढ्या एका कामाने स्किमरमध्ये पडणारा फरक मला कुठल्याही महागड्या पंपापेक्षा मोठा वाटतो.

स्किमर काय करत नाही

विरघळलेला अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट बुडबुड्याला चिकटत नाहीत. स्किमर सेंद्रिय घाण कुजण्याआधी बाहेर काढतो, त्यामुळे नायट्रेट आणि फॉस्फेट पुढे कमी तयार होतात, इतकंच. आधीच वाढलेलं नायट्रेट बघून व्हॉल्व्ह आवळण्यात अर्थ नाही.

सेंद्रिय द्रव्यंही सगळी निघत नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१० मध्ये वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर काढू शकले, आणि बनावटींमधला फरक जाहिरातींवरून वाटतो तितका नव्हता. उरलेल्या रेणूंना बुडबुड्याची ओढच नसते. ते कार्बन, जिवाणू आणि पाणी बदलणं यांच्या वाट्याला येतात. म्हणून आहे तो स्किमर स्वच्छ आणि स्थिर ठेवण्यावर जीव लावावा, नव्या मॉडेलवर नंतर.

पाण्यात हवा मिसळण्याचं काम मात्र तो फार चांगलं करतो, आणि हे काम चोवीस तास चालतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. माणसं असलेल्या बंद खोलीत तो सहज १००० च्या वर जातो, आणि स्किमर तीच हवा पाण्यात घुसळत असेल तर पीएच खालीच राहतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेली तर बऱ्याच टँकमध्ये पीएच वर येतो. फक्त तिथे कीटकनाशकाची फवारणी किंवा रंगकाम होत नाही ना, ते पाहा, कारण हवेत जे असेल ते पाण्यात जाईल.

कधी उलट अडचण येते. मासे मोजके, स्किमर जोरदार, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकलेले आणि कोरल फिकट पडू लागलेले. अशा टँकमध्ये स्किमर दिवसाचे काही तास बंद ठेवणं योग्य असतं. ते तास दिवे चालू असतानाचेच निवडा. उजेडात शेवाळ आणि कोरलमधली सूक्ष्म शेवाळं प्राणवायू तयार करत असतात. रात्री तीच प्राणवायू वापरतात आणि पीएच उतरतो, तेव्हा माशांना स्किमरच्या हवेची सगळ्यात जास्त गरज असते.